तिकिटावर काय छापलं होतं?

परळचं दामोदर नाट्यगृह आणि गिरगावातलं साहित्य संघ मंदिर इथे वर्षानुवर्षं रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा, राजापूरकडच्या वाड्यांची नमनं आणि शक्ती-तुऱ्याचे सामने झाले. खिडकीवर तिकीट काढून आत येणारा प्रेक्षक अशा कार्यक्रमांना थोडाच. बहुतेक तिकिटं आधीच वाडीतल्या पोरांनी लालबागपासून विरारपर्यंत नात्यागोत्यात खपवलेली असतात. तिकिटावर कार्यक्रमाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : शाळेच्या इमारतीच्या मदतीसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, क्वचित गरीब विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी. चाकरमानी तिकीट घेतो तो बऱ्याचदा या ओळीकडे बघून. गण-गौळण त्याने दहादा पाहिलेली असते.

खरा खेळ रंगतो तो नंतरच्या सभेत. हॉलचं भाडं, लाइटवाला, मृदंगवाला, ड्रेपरी, गावाहून आलेल्या मंडळींचा गाडीखर्च, वडा-चहा हे सगळं वजा जाता उरलं किती, आणि जे उरलं ते कशाला? कुणी म्हणतो स्पीकरसेट घेऊया, म्हणजे पुढच्या वर्षी भाडं वाचेल. कुणी म्हणतो क्रिकेटच्या पोरांना टी-शर्ट द्या, त्यांनीच तिकिटं खपवली. मग मागच्या बाकावरून एखादे तात्या विचारतात, “तिकिटावर काय छापलं होतंत?” सभा दोन मिनिटं गप्प होते आणि मग दुप्पट जोरात सुरू होते.

तात्यांचा हा प्रश्न जगातल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबाला त्याच्या जन्मापासून छळत आला आहे. ग्लासगोचा सेल्टिक क्लब शाळकरी पोरांना दुपारचं जेवण मिळावं म्हणून निघाला होता. त्या जेवणाला पैसे द्यायचे की नाहीत, आणि दिले तर आधी द्यायचे की उरल्यावर, यावरून त्याच क्लबाच्या सभासदांत आणि पाठीराख्यांत दहा वर्षं कडाक्याची भांडणं झाली. रत्नागिरीला फुटबॉलचं वेड नाही. आपल्याकडे क्रिकेट, कबड्डी आणि शिमगा. पण वर्गणी म्हणजे काय, हे कोकणाला शिकवावं लागत नाही. म्हणून हा ग्लासगोचा जमाखर्च इथे जरा सविस्तर मांडतो.

अँड्र्यू केरिन्स हा आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यातल्या बॅलीमोट गावचा, जन्म १८४० चा. तो पाच वर्षांचा असताना आयर्लंडात बटाट्याचं पीक सडलं आणि मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळानंतर हजारो आयरिश कुटुंबं समुद्र ओलांडून ग्लासगोला आली. हाही पंधरा-सोळा वर्षांचा असताना तिथे आला आणि पुढे मारिस्ट नावाच्या कॅथलिक शिक्षकसंघात ब्रदर झाला. तिथे त्याचं नाव पडलं ब्रदर वॉलफ्रिड. १८७४ पासून तो ग्लासगोच्या पूर्व भागातल्या ब्रिजटन वस्तीत सेक्रेड हार्ट शाळेचा मुख्याध्यापक होता. हा गिरण्या, कारखाने आणि दाट चाळींचा भाग. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला त्याचं वर्णन करून सांगायला नको. दुष्काळातून पळून आलेली कुटुंबं, एका खोलीत आठ माणसं, आणि काम मिळालं तर हमाली.

स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं होतं. पण उपाशी पोर शाळेत टिकत नाही, आणि टिकलं तरी त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. वॉलफ्रिड आणि शेजारच्या सेंट मेरीज शाळेचा मुख्याध्यापक ब्रदर डोरोथियस यांनी सेंट व्हिन्सेंट दे पॉल या कॅथलिक सेवासंस्थेच्या मदतीने शाळेतच गरिबांच्या मुलांसाठी जेवणाची टेबलं सुरू केली. त्यांची व्यवस्था लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. एका पेनीत जेवण. ज्या आईला तेवढंही जड, तिने घरून पाव पाठवावा, मुलाला अर्ध्या पेनीत मोठा वाडगाभर गरम सूप मिळेल. ज्यांना अर्धी पेनीही शक्य नाही त्यांना फुकट, पण तेच जेवण आणि त्याच टेबलावर. कुणी पूर्ण पैसे दिले आणि कुणी काहीच दिले नाहीत, हे टेबलाकडे पाहून कळणार नाही. ही दरपत्रकाची युक्ती मला सगळ्या हकीकतीत मोलाची वाटते. पुढे जे बिघडलं त्यात या युक्तीचा काही दोष नव्हता.

आणखी एक कारणही होतं, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच वस्त्यांत प्रॉटेस्टंट मंडळींची सूपकेंद्रंही चालत. तिथे जेवायला जाणारी आपली मुलं हळूहळू आपला पंथ सोडतील, ही भीती वॉलफ्रिडला होती. कोकणात मिशनरी शाळा आणि दवाखाने आले तेव्हा आपल्याकडच्या सुधारकांना आणि सनातन्यांना एकाच वेळी हीच धास्ती वाटली होती. भुकेल्याला जेवू घालणारा हात कुणाचा आहे याची काळजी बहुधा जेवणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यालाच जास्त असते.

जेवण वाढत गेलं आणि पैसे कमी पडू लागले. एडिंबराला १८७५ साली निघालेला हायबर्नियन हा आयरिश कॅथलिकांचा क्लब होता. १८८७ च्या फेब्रुवारीत त्याने स्कॉटिश कप जिंकला आणि त्या विजयाचा सत्कार ग्लासगोच्या सेंट मेरीज सभागृहात झाला. गर्दी पाहून वॉलफ्रिडच्या मनात हिशेब सुरू झाला असणार : एवढी माणसं एका सामन्याला पैसे मोजतात, तर हे पैसे आपल्या टेबलांकडे का वळवू नयेत? ६ नोव्हेंबर १८८७ रोजी कॅल्टन भागातल्या त्याच सभागृहात बैठक झाली आणि सेल्टिक क्लब स्थापन झाला. जानेवारी १८८८ मध्ये मदतीसाठी परिपत्रक निघालं. त्यात क्लबाचं मुख्य उद्दिष्ट स्वच्छ लिहिलं होतं : सेंट मेरीज, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकेल्स या तीन धर्मग्रामांतल्या गरजू मुलांच्या जेवणाच्या टेबलांसाठी निधी पुरवणे. वर्गणीदारांच्या यादीत पहिलं नाव आर्चबिशप आयर यांचं, २० शिलिंग. आपल्याकडे पावतीपुस्तकाचं पहिलं पान गावच्या मानकऱ्याच्या नावाने फाडतात, त्यातलाच प्रकार.

म्हणजे तिकिटावर काय छापलं होतं, याबद्दल सेल्टिकच्या बाबतीत शंकेला जागाच नाही.

पन्नास पौंड वार्षिक भाड्याने जागा घेतली आणि वस्तीतल्या लोकांनी रिकाम्या वेळात श्रमदान करून मैदान बांधलं. २८ मे १८८८ रोजी पहिला सामना झाला. समोर रेंजर्सचा संघ होता, सुमारे दोन हजार प्रेक्षक होते, आणि सेल्टिक ५-२ ने जिंकलं. पहिल्या काही वर्षांत टेबलांना आणि इतर धर्मादाय कामांना क्लबाकडून खरोखरच चांगली रक्कम मिळाली.

मग जिंकण्याचा खर्च सुरू झाला. त्या वेळी स्कॉटलंडमध्ये पैसे घेऊन खेळायला बंदी होती. ती १८९३ साली उठली. पण चांगला खेळाडू फुकट येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सेल्टिकच्या कारभाऱ्यांना इतरांपेक्षा थोडं आधी. रेंटन क्लबाचा नावाजलेला जेम्स केली क्लबाकडे आला. हायबर्नियनचे अनेक खेळाडूही एका उन्हाळ्यात उचलले गेले. म्हणजे ज्या क्लबाला पाहून प्रेरणा घेतली त्याचंच घर आधी मोकळं केलं. केली पुढे दारूच्या गुत्त्याचा मालक झाला, नंतर क्लबाचा संचालक आणि अध्यक्षही. या सगळ्याचा खर्च वहीत कोणत्या नावाने पडत होता, हे सभासदांनी विचारायचं नसे. गावच्या कबड्डी संघात “पाहुणा खेळाडू” आणताना त्याच्या गाडीभाड्याच्या नावाखाली काय काय बसवतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

१८९२ हे वर्ष कळीचं ठरलं. क्लबाने पहिल्यांदा स्कॉटिश कप जिंकला, अंतिम सामन्यात क्वीन्स पार्कला ५-१ ने हरवून. जमीनमालकाने गर्दी पाहून भाडं पन्नासवरून साडेचारशे पौंडांवर नेलं. क्लबाने शेजारचीच एक पडीक जागा घेतली, विटा पाडून खड्डा झालेली, आणि मातीच्या हजारो गाड्या ओतून ती भरली. नव्या मैदानात पहिली हिरवळ लावायला मायकेल डेव्हिट आला. आयर्लंडमधल्या कुळांच्या चळवळीचा हा पुढारी, ज्याने दादाभाई नौरोजींना एखाद्या आयरिश जागेवरून पार्लमेंटात निवडून आणण्याची कल्पना मांडली होती. दादाभाई त्याच वर्षी लंडनच्या फिन्सबरीतून निवडून आले. डेव्हिटने लावलेला, आयर्लंडहून मातीसकट आणलेला शॅमरॉक पुढे कुणीतरी चोरून नेला.

आणि त्याच वर्षी मारिस्ट संघाने ब्रदर वॉलफ्रिडची लंडनला बदली केली. त्याने तिथेही पूर्व लंडनमधल्या अनवाणी पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. पण ग्लासगोच्या सभेत “तिकिटावर काय छापलं होतं” हे विचारण्याचा सर्वांत मोठा अधिकार असलेला माणूस आता सभेत नव्हता.

पुढच्या चार-पाच वर्षांतल्या वार्षिक सभा पाहिल्या तर दोन बाजू ठळक दिसतात. क्लबाच्या कारभाऱ्यांपैकी जॉन मॅक्लॉक्लिन आणि त्याच्या साथीदारांचं म्हणणं असं : मैदान आपलं, स्टँड आपले, कर्ज आपलं, आणि उद्या क्लब बुडाला तर घेणेकरी सभासदांच्या घरी येतील. तेव्हा मर्यादित जबाबदारीची कंपनी करूया, क्लब भक्कम होऊ दे, मग दानधर्म होईलच. दुसरी बाजू वस्तीतल्या साध्या सभासदांची. त्यांचं म्हणणं : क्लब निघाला जेवणासाठी, जेवण हा पहिला खर्च, त्याचा वाटा आधी काढून ठेवा आणि मग मैदानाचं पाहा. कंपनीची सूचना सुरुवातीला फेटाळली गेली, पुन्हा आली, आणि अखेर १८९७ साली मंजूर झाली. त्याच वर्षी सेल्टिकच्या मैदानावर जागतिक सायकल स्पर्धा भरल्या, त्यासाठी मैदानाभोवती खास धावपट्टी बांधलेली होती. सायकलीसाठी पैसे होते. जेवणाच्या टेबलांना क्लबाकडून नियमाने जाणारा पैसा मात्र थांबला होता, आणि भागधारकांना लाभांश मिळू लागला.

मॅक्लॉक्लिनला लबाड म्हणणं सोपं आहे. पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. वैयक्तिक कर्जाची भीती खरी होती आणि कंपनी झाली नसती तर क्लब कदाचित बुडालाही असता. मला खटकते ती एकच गोष्ट. कंपनी करताना त्यांनी जेवणाचा वाटा लेखी बांधून घेतला नाही. उद्दिष्ट म्हणून छापलेली गोष्ट “शिल्लक राहिल्यास” या सदरात गेली. आणि ज्यांच्यासाठी क्लब निघाला ती पोरं कुठल्याच सभेला नव्हती. ती सभासद नव्हती, भागधारक नव्हती, तिकीटसुद्धा त्यांनी काढलेलं नव्हतं. तिकीट काढणारा ओरडू शकतो, खेळाडू दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो, जमीनमालक भाडं वाढवू शकतो. जेवायला येणारा काय करणार? तो पुढच्या दिवशी वाडगा घेऊन परत येतो.

ख्रिस्ती मुलखातलं अन्नदान म्हटलं की नाताळ आठवतो; मग नाताळच्या जेवणाचं काय, असं कुणी विचारेल. गंमत अशी की त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये नाताळ हा मोठा सण नव्हताच. तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथाला नाताळचा गाजावाजा मान्य नव्हता, आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. त्यानंतरही काही वर्षं २५ डिसेंबरला फुटबॉलचे सामने होत. १९६५ च्या नाताळाच्या दिवशी सेल्टिकने मॉर्टनला ८-१ ने हरवलं होतं. वॉलफ्रिडची टेबलं रोजच्या भुकेसाठी होती, सणासाठी नव्हती. सणाचं दान नंतर आलं, दुकानांच्या सजावटीबरोबर.

सेल्टिकच्या कारभाऱ्यांचं जेवणाशी असलेलं नातं त्यानंतर जवळपास शंभर वर्षं पातळ राहिलं. धर्मादाय सामने होत, देणग्याही जात, पण क्लब मोजक्या कुटुंबांच्या हातात राहिला. त्यांत केलीचं घराणंही होतं. १९९४ साली क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला तेव्हा फर्गस मॅकॅन नावाच्या कॅनडात स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसाने तो ताब्यात घेतला. त्याने दुसऱ्याच वर्षी क्लबाचा स्वतंत्र धर्मादाय निधी सुरू केला. आज क्लबाचं प्रतिष्ठान दर डिसेंबरला नाताळची मोहीम चालवतं. मैदानाबाहेर पाठीराखे डबे घेऊन उभे राहतात, गरजू कुटुंबांना आणि एकट्या वृद्धांना मदत जाते. ब्रदर वॉलफ्रिडचा पुतळा २००५ साली मैदानाबाहेर उभा राहिला, तोही पाठीराख्यांनी पैसे जमवून. आणि दर डिसेंबरला तोच जुना वाद नव्या कपड्यांत येतो : युरोपातल्या स्पर्धांतून कोट्यवधी मिळवणारा क्लब स्वतःच्या तिजोरीतून का देत नाही? तिकिटाचे पैसे दिले, शर्टाचे दिले, आता डब्यातही आम्हीच टाकायचे? त्याला मिळणारं उत्तरही जुनंच आहे : क्लबाने भांडवल जपलं नाही तर उद्या डबाही उभा राहणार नाही.

या कथेत एक हिंदुस्थानी पात्र आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम १९३६ साली ग्लासगोला गेले आणि सेल्टिककडून दोन सामने खेळले, बुटांऐवजी पायाला पट्ट्या बांधून. क्लबाचा माजी खेळाडू जिमी मॅकमेनेमी त्यांच्या पायाला पट्ट्या बांधतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलेली हकीकत अशी की सलीम मायदेशी निघाले तेव्हा क्लबाने त्यांच्या सन्मानार्थ धर्मादाय सामना ठरवला आणि तिकीटविक्रीतले पाच टक्के त्यांना देऊ केले. पाच टक्के म्हणजे नेमके किती, याचा अंदाज न घेता सलीम म्हणाले, माझा वाटा सामन्याला बोलावलेल्या अनाथ मुलांना द्या. घरात सांगितली जाणारी हकीकत म्हणूनच ती घ्यावी. पण सेल्टिकच्या मूळ परिपत्रकाची ओळ त्या क्लबात त्या वर्षी बहुधा सलीम यांनीच पाळली.

आपल्या मुलखात फुटबॉलच्या पाठीराख्यांचा जमाखर्च पाहायचा तर आंबा घाट चढून कोल्हापूरला जावं लागतं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं शाहू स्टेडियमवर संघांची असतात आणि गणेशोत्सवात त्यांतली बहुतेक मंडळांची. पेठेतली तीच पोरं हंगामात संघाच्या मागे झेंडे घेऊन धावतात, आणि भाद्रपदात वर्गणी गोळा करून महाप्रसाद घालतात. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या सामन्यांना आजही गॅलऱ्या भरतात. म्हणजे ग्लासगोत दोन खिसे वेगळे झाले आणि त्यावरून भांडण पेटलं. कोल्हापुरात तालमीचा खिसा एकच आहे : त्यातूनच संघाचे बूट, त्यातूनच मांडव, त्यातूनच जेवण. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीतल्या कित्येक मंडळांनी देखावे आणि मिरवणुकीचा खर्च कापून पूरग्रस्तांना जेवण आणि शिधा पुरवला. खिसा एक असला की हे एका रात्रीत ठरतं. मात्र त्याच कारणाने एरवी संघाचं कर्ज आणि महाप्रसादाचा तांदूळ एकाच वहीत गुंतून पडतात, आणि ती गाठ सोडवणारा खजिनदार विरळा.

रत्नागिरीत सामुदायिक जेवणाचा जो मोठा प्रयोग झाला त्यात फुटबॉल नव्हता. त्यात पैसाही वादाचा विषय नव्हता, कारण पैसे एकाच माणसाने दिले. भागोजीशेठ कीर हे रत्नागिरीचे, भंडारी समाजातले, गरिबीतून मुंबईत जाऊन शापूरजी पालनजींबरोबर बांधकामाच्या धंद्यात मोठे झालेले. दादरच्या शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीला त्यांचं नाव आहे. त्यांच्या खर्चाने बांधलेलं पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी खुलं झालं. मंदिर बांधण्यामागे आणि सहभोजनांमागे स्थानबद्धतेतले विनायकराव सावरकर होते. ते १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत होते. सहभोजनं मंदिराच्या आधी, १९३० पासून सुरू झाली होती, आणि जेवणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रांत छापण्याचा आग्रह होता. यादीत नाव आलं की पुढे जातीची पंगत, सोयरीक, श्राद्धाचा ब्राह्मण या सगळ्यांवर त्याचा परिणाम होई. म्हणजे इथे जेवणाची किंमत जेवणाऱ्यानेच मोजली, रुपयांत नव्हे तर बहिष्कारात. १९३३ साली निघालेलं अखिल हिंदू उपाहारगृह हा त्याचाच पुढचा भाग. तिथे पूर्वास्पृश्यांसह सगळ्यांना एकत्र बसून चहा-फराळ मिळे. सावरकरांच्या भेटीला येणाऱ्याने आधी तिथे काही घेतलं पाहिजे, असा दंडक होता म्हणतात.

सहभोजनांवर टीकाही झाली, आणि सगळी सनातन्यांकडूनच झाली असं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या जातिसंस्थेवरील प्रसिद्ध, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात रोखठोक लिहिलं की नुसत्या सहभोजनाने जात जात नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. ते बरोबरच होतं. पंगतीतून उठलेला माणूस हात धुऊन आपापल्या आळीत परत जातो.

जेवणाच्या खर्चाचा प्रश्न मुंबईत अनंत हरी गद्रे यांनी निराळ्या रीतीने सोडवला. ‘निर्भीड’चे हे पत्रकार, लोक त्यांना समतानंद म्हणत. त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला अस्पृश्य मानलेल्या समाजातलं जोडपं आणि प्रसादाला शिऱ्याऐवजी झुणका-भाकर. रवा, तूप, साखर आणि केळी यांचा खर्च झेपेल तेवढ्यांनीच सत्यनारायण घालायचा, ही अडचण एका झटक्यात गेली. जेवण स्वस्त केलं की देणगीदाराचा मान आपोआप कमी होतो. बेसन आणि भाकरीच्या पिठाची पावती कुणी छातीवर लावून मिरवत नाही. हीच झुणका-भाकर १९९५ नंतर सरकारने एक रुपयात विकायला काढली तेव्हा तिच्या केंद्रांच्या जागांवरून जे काही झालं ते मुंबईकरांना आठवत असेल. जेवण मागे पडलं, मोक्याची जागा पुढे आली.

आता तांदळाविषयी. कोकणातल्या वाडीत महाप्रसादाला घरटी पायलीभर तांदूळ किंवा त्याचे पैसे अशी पद्धत आजही कित्येक ठिकाणी आहे. पैसे येतात तेव्हा सभेत त्यांना पाय फुटतात. तांदूळ मात्र देवळाच्या कोठीत पडून राहतो. त्याचा टी-शर्ट होत नाही, स्पीकरसेट होत नाही, त्यातून पाहुणा खेळाडूही आणता येत नाही. तो शिजतोच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा भागात घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहं चालवली ती काही केवळ काव्य म्हणून नव्हे. रोकड नसतानाचा तो खात्रीचा मार्ग होता. तरीही मूठ कमी पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. त्या जेवणाचा पैसा कोणत्या सभेने मंजूर केला होता?

वस्तू दिली की ती सभेत दुसरीकडे वळत नाही, हे लिव्हरपूल शहरातल्या फुटबॉलच्या पाठीराख्यांना २०१५ साली उमगलं. एव्हर्टन आणि लिव्हरपूल हे एकाच शहरातले कट्टर प्रतिस्पर्धी, २०२५ पर्यंत दोघांच्या मैदानांमधे फक्त एक बाग होती. दोन्ही क्लबांच्या पाठीराख्यांनी मिळून अन्नपेढ्यांसाठी मोहीम काढली. पुढे खासदार झालेले इयन बर्न हे तिच्या संस्थापकांपैकी एक. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर मोठे डबे ठेवायचे आणि येणाऱ्याने त्यात न नासणाऱ्या सामानाची, म्हणजे डबाबंद कडधान्य, पास्ता, चहापत्ती, लहान मुलांचं दूध, अशी एखादी वस्तू टाकायची. भुकेला क्लबाचे रंग नसतात, हे त्यांचं सांगणं. क्लबाला, कंपनीला, लाभांशाला इथे वावच नाही. पास्त्याचं पाकीट पाकीटच राहतं. सेल्टिकच्या वॉलफ्रिडने आईला पाव घरून पाठवायला सांगितला होता तेव्हा नकळत हेच धोरण होतं. फसवणूक झाली ती तिकिटाच्या रोख पैशात.

अर्थात पाकिटांनी शहर जेवत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डने, स्वतः शाळेच्या मोफत जेवणावर वाढलेल्या बावीस वर्षांच्या पोराने, खासदारांना जाहीर पत्र लिहिलं : कोरोनात शाळा बंद आहेत, सुट्टीत या मुलांनी जेवायचं कुठे? सरकारने आधी नकार दिला आणि १६ जूनला माघार घेतली. सुमारे १३ लाख मुलांसाठी १२ कोटी पौंडांची तरतूद झाली. नाताळच्या डब्यांत एवढं कधी जमलं नसतं. इथे फुटबॉलने पैसे दिले नाहीत, फुटबॉलपटूने ज्याचे पैसे आहेत त्याला ते द्यायला लावले.

आपल्याकडे हा वाद सरकारी वहीत आहे. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली : दोन चपात्या, भाजी, वरण, भात, ग्राहकाकडून दहा रुपये. थाळीची किंमत शहरात पन्नास आणि ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरलेली, फरक सरकार केंद्रचालकाला देणार. हा फरक वेळेवर न मिळाल्याची ओरड केंद्रचालकांकडून वारंवार येते, म्हणजे इथेही जेवण “शिल्लक राहिल्यास” या सदराकडे सरकतं. शाळेतल्या खिचडीचं तसं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेलं जेवण हा मुलांचा हक्क ठरला. सभेला न येणाऱ्या पोरांच्या वतीने कुणीतरी लेखी बांधून घेतलं ते बहुधा पहिल्यांदाच. २००४ साली त्याच न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही ते जेवण द्यायला सांगितलं, रॅशफर्डच्या सोळा वर्षं आधी.

रत्नागिरी जिल्हा दुष्काळी यादीत बसत नाही. पाऊस धो धो पडतो. म्हणून इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत सुट्टी लागली की खिचडीचा टोप घासून पालथा घातला जातो, दिवाळीतही आणि मेमध्येही. दिवाळीत त्याच वाड्यांवर मंडळांचे फराळाचे पुडे पोचतात, चिवडा, दोन लाडू, एक चकली, आणि त्यासोबत फोटो. पुडा दोन दिवसांत संपतो. शाळा उघडते ती दोन-अडीच आठवड्यांनी. मधल्या दिवसांसाठी वाडीतल्या घराघरातून तांदूळ घेऊन शाळेचाच टोप चढवायचा, आणि शाळेच्याच बाईंना त्यांचं मानधन द्यायचं, हे कुठल्याही मुंबई मंडळाच्या एका नमनाच्या तिकिटांत बसण्यासारखं आहे. फक्त ते तिकिटावर छापावं लागेल, आणि हॉलचं भाडं वजा होण्याआधी बाजूला काढावं लागेल.